फायबरवरचं क्वांटम कम्युनिकेशन: २००० किमीचं स्वप्न आणि मधल्या खोल्यांचा प्रश्न

मुठेकाठचा:
परवा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, की आता देशात असं फायबर नेटवर्क होतंय जे कधीच हॅक होऊ शकत नाही कारण त्याला फिजिक्सचीच गॅरंटी आहे. खाली पन्नास अंगठे. मी चौदा वर्षं बँकांच्या नेटवर्कवर काम करतोय, सिक्युरिटीच्या बाबतीत कुणी "कधीच" म्हणलं की मला काळजी वाटते, म्हणून महिनाभर जमेल तसं वाचलं आणि जे वाटतंय ते इथे मांडतोय. चुकत असेन तर सांगा पण मुद्द्यावर सांगा.

आधी कल्पना काय आहे ते. १९८४ मधे चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी ही पद्धत मांडली, आणि मांडली कुठे तर बंगळूरच्या एका कॉन्फरन्समधे, म्हणजे या विषयाचं बारसं आपल्याच देशात झालंय. पाठवणारा एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, सोडतो, प्रत्येकावर ० किंवा १, पण ते लिहायच्या दोन तऱ्हा, एक उभी-आडवी आणि एक तिरपी, आणि कुठली तऱ्हा वापरली ते त्या वेळी सांगत नाही. घेणाराही मनाने एक तऱ्हा निवडून मोजतो. नंतर दोघं साध्या लाइनवर आपापल्या तऱ्हा जुळवून बघतात, न जुळलेले बिट टाकून देतात, उरलेल्यातले थोडे उघडे करून तपासतात. मधे कुणी फोटॉन पकडून मोजला तर त्याला तऱ्हा माहीत नसते त्यामुळे मोजताना तो बिघडवतो, चुका वाढतात, चुका साधारण ११ टक्क्यांच्या वर गेल्या की ती सगळी किल्ली फेकून द्यायची. कॉपी काढून ठेवू आणि नंतर बघू म्हणावं तर अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब कॉपी निघतच नाही, हे १९८२ मधे सिद्ध झालंय. हे सगळं मला खरंच फार सुंदर वाटतं, त्यावर माझा आक्षेप नाही. आणि लक्षात घ्या, यातून मेसेज जात नाही, फक्त किल्ली तयार होते. मेसेज नेहमीच्याच लाइनवरून, त्या किल्लीने कुलूप लावून.

आता अडचण. काचेत प्रकाश जिरतो. १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.२ डीबी लॉस (दर १० डीबीला प्रकाश दहापट कमी), ऐकायला काहीच नाही, पण १०० किमीला २० डीबी होतो म्हणजे शंभरातला एक फोटॉन पोचतो, २०० किमीला दहा हजारातला एक. नेहमीच्या नेटवर्कमधे आपण ८०-१०० किमीला ॲम्प्लिफायर टाकतो आणि पुढे जातो. इथे ते चालत नाही, कारण ॲम्प्लिफायर म्हणजे शेवटी कॉपी काढणंच. ज्या नियमाने चोर अडतो त्याच नियमाने आपणही अडतो. मी समृद्धी महामार्गाची लांबी धरून हिशोब केला. ७०१ किमी, १४० डीबी, म्हणजे नागपूरहून कोटी गुणिले कोटी फोटॉन सोडले तर या टोकाला एक येणार. सेकंदाला शंभर कोटी सोडले तरी एक फोटॉन यायला सुमारे २८ तास, आणि तेवढ्या वेळात फोटॉन टिपणारा डिटेक्टर अंधारात स्वतःहून जी खोटी टिकटिक करतो त्यातून तो एक ओळखायचा कसा.

म्हणून मग काय करतात, तर मधे मधे खोल्या बांधतात. चीनने २०१७ मधे बीजिंग-शांघाय लाइन सुरू केली, साधारण २००० किमी, त्यात ३२ ट्रस्टेड नोड. प्रत्येक नोडवर क्वांटम प्रवास संपतो, किल्ली साध्या कॉम्प्युटरच्या मेमरीत उतरते आणि पुढच्या तुकड्यासाठी नव्याने पॅक होते. म्हणजे ६०-६५ किमीला एक अशी खोली, जिच्यात किल्ली उघडी पडलेली असते, आणि तिथे फिजिक्स नसतं, तिथे वॉचमन असतो. आपल्या नॅशनल क्वांटम मिशनमधे पण, एप्रिल २०२३ ला मंजूर झालेलं ६००३ कोटींचं ते, २००० किमीच्या आंतरशहर क्वांटम किल्लीचं उद्दिष्ट आहे. माझं म्हणणं एवढंच, शहरातल्या शहरात हे जरूर करा, पण २००० किमीला "हॅक न होणारं" म्हणून लोकांना सांगू नका. मधल्या खोल्या किती, कुणाच्या ताब्यात, हे आधी सांगा.

ठाणेकर_८२:
पहिल्यांदाच नीट कळलं हे. धन्यवाद. ट्रस्टेड नोडबद्दल त्या फॉरवर्डमधे एक शब्द नसतो.

फोटॉनवाली:
मी याच विषयात पीएचडी करतेय त्यामुळे राहवलं नाही. काका, म्हणजे चौदा वर्षं नोकरी म्हणालात म्हणून काका म्हणतेय, तुमचं लॉसचं गणित बरोबर आहे पण ते जुन्या पद्धतीचं आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

२०१८ मधे ट्विन फील्ड नावाची पद्धत आली, केंब्रिजच्या तोशिबा लॅबमधल्या लोकांनी मांडली. त्यात फोटॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. दोन्ही टोकांकडून अगदी मंद प्रकाश मधल्या एका जागी पाठवतात आणि तिथे त्यांचं इंटरफेरन्स, म्हणजे दोन तरंग एकमेकांत कसे मिसळतात ते, बघतात. म्हणजे कुठल्याही फोटॉनला निम्माच रस्ता कापायचा असतो. तुमच्याच समृद्धीवर १४० डीबीच्या जागी ७० डीबी, कोटी गुणिले कोटीमधून एक ऐवजी कोटीतून एक. तुमचेच शंभर कोटी पल्स धरले तर २८ तासांना एक ऐवजी सेकंदाला शंभर. हा फरक केवढा आहे बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मधली ती जागा, जालना-सिंदखेडराजाकडे कुठेतरी येईल, तिच्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही. तिथे बसलेला माणूस शत्रूचा असला तरी त्याला फक्त "जुळलं" किंवा "नाही जुळलं" एवढं दिसतं, किल्ली दिसत नाही. तुम्ही ज्या खोलीला घाबरताय तीच खोली इथे निरुपद्रवी होते.

आणि हे कागदावरचं नाही. २०२३ मधे चीनमधे १००२ किमी फायबरवर करून दाखवलंय. २०२५ मधे जर्मनीत केलपासून फ्रँकफर्टपर्यंत २५४ किमी, चालू टेलिकॉम नेटवर्कच्या फायबरवर, सेकंदाला ११० बिट, आणि तेही सुपरकंडक्टिंग डिटेक्टर न वापरता, म्हणजे उणे २७० डिग्रीला नेणारी कूलिंगची यंत्रणा न लावता. मी रात्र रात्र डिटेक्टर लावत बसलेली आहे, हे शेवटचं वाक्य वाचून मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही.

मुठेकाठचा:
काका चालेल. मधली खोली निरुपद्रवी होते हे मला खरंच माहीत नव्हतं, मोठा मुद्दा आहे. पण त्या १००२ किमीच्या प्रयोगात वेग किती मिळाला तेही लिहा ना. मी वाचलंय ते सेकंदाला ०.००३४ बिट. २५६ बिटची एक किल्ली बनवायला सुमारे २१ तास. त्यासाठी खास कमी लॉसचं फायबर, लॅबमधे गुंडाळलेलं.

फोटॉनवाली:
बरोबर आहे, १००० ला तेवढाच. पण मी २५४ चं उदाहरण का दिलं, कारण २५०-३०० किमीला एक थांबा आणि ६५ ला एक थांबा यात फरक आहे. तुमच्या २००० किमीला ३२ खोल्या लागत असतील तर अशा पद्धतीने विश्वासाच्या खोल्या सात-आठ लागतील. सात-आठ खोल्या लष्करी तळांत ठेवता येतात, तालुक्या-तालुक्यात नाही ठेवाव्या लागत.

जॉइंट_किट:
मी नाशिक भागात ओएफसी (ऑप्टिकल फायबर केबल) मेन्टेनन्सचं काम करतो, अठरा वर्षं झाली. क्वांटम मला कळत नाही पण केबल कळते म्हणून लिहितो.

तुम्ही लोकं ०.२ डीबी धरून बोलताय. ते ड्रमवरचं आहे. केबल दोन किलोमीटरच्या ड्रममधे येते म्हणजे टाकतानाच दर दोन किलोमीटरला जॉइंट, चांगला मारला तर ०.०५ वगैरे, ठीक आहे. पण नंतर काय होतं बघा, पाण्याच्या लाइनवाला खोदतो, रस्ता रुंदीकरणवाला खोदतो, गटारवाला खोदतो, जेसीबीचा दात लागला की केबल तुटते, आणि एक कट म्हणजे मधे नवीन तुकडा टाकून दोन जॉइंट वाढले. रात्री दोन वाजता पावसात छत्री धरून स्प्लायसिंग करताना पोरगं ०.०५ साठी तीनदा जॉइंट मारत बसत नाही, लाइन वर आली की मॅनेजरचा फोन बंद होतो. माझ्याकडे एक ४८ किमीचा स्ट्रेच आहे, तुमच्या हिशोबाने ९.६ डीबी पाहिजे, ओटीडीआर (फायबरमधला लॉस मोजायचं यंत्र) लावला की १७ दाखवतो. नेहमीच्या सिग्नलला चालतं, इकडून पॉवर वाढवतात. तुमच्या एकट्या फोटॉनला पॉवर कशी वाढवणार?

आणि दुसरं, खांबावरून गेलेली केबल वाऱ्याने हलते, उन्हाने ताणते. दोन्हीकडचा प्रकाश मधे नेमका जुळायला पाहिजे म्हणताय तर हलत्या केबलवर तो जुळेल का, हे खरंच विचारतोय.

फोटॉनवाली:
दादा, या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा आहे.

१७ आणि ९.६ मधला ७.४ डीबी म्हणजे फोटॉन साडेपाच पटीने कमी. किंवा असं म्हणा की तुमचा ४८ किमीचा स्ट्रेच क्वांटमच्या दृष्टीने ८५ किमीचा आहे. पॉवर वाढवता येत नाही, कारण एका पल्समधे दोन-तीन फोटॉन गेले तर चोर एक काढून घेईल आणि बाकीचे पुढे सोडेल, कुणाला कळणार नाही. त्यावर डिकॉय म्हणून उपाय आहे, मधे मधे मुद्दाम वेगळ्या तीव्रतेचे पल्स मिसळतात म्हणजे असा चोर आकडेवारीत सापडतो, पण म्हणून पॉवर हवी तेवढी वाढवता येत नाहीच.

हलत्या केबलचं विचारलंत. पोलरायझेशन, म्हणजे फोटॉनची ती उभी-आडवी-तिरपी दिशा, हललं तर ते सतत मोजून दुरुस्त करतात. ट्विन फील्डमधे ते आणखी कठीण होतं, फायबरची लांबी एका तरंगाच्या अंशाने बदलली तरी फेज, म्हणजे तरंगाची लय, सरकते, आणि तरंग दीड मायक्रोमीटरचा आहे. म्हणून बाजूने एक रेफरन्स प्रकाश पाठवून सारखं दुरुस्त करत राहावं लागतं. जमिनीखालच्या डक्टमधे जमतं. खांबावरच्या केबलवर, वारा असताना, मी तरी आत्ता हो म्हणणार नाही.

मूळसंख्या:
मी क्रिप्टोग्राफी शिकवतो. तुम्ही सगळे फोटॉन पोचतो की नाही यावर भांडताय, माझा प्रश्न वेगळा आहे, तो पोचला तरी हवाय कशाला?

भीती कसली आहे, तर १९९४ मधे पीटर शोरने दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर आला तर आजच्या आरएसए वगैरे कुलूपपद्धती कोसळतील. त्यावर उत्तर गणितातच मिळालंय. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मधे पोस्ट क्वांटमची, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरलाही तोंड देण्यासाठी बनवलेल्या गणिती पद्धतींची, पहिली तीन स्टँडर्ड जाहीर केली. ते सॉफ्टवेअर आहे, कुठल्याही केबलवर चालतं, जुन्या, तुटलेल्या, नाशिकच्या खांबावरच्या पण. ॲपलच्या मेसेजमधे २०२४ पासून आहे, सिग्नल ॲपमधे २०२३ पासून. खेड्यातल्या बाईच्या चारपाच हजारांच्या फोनमधे ते अपडेटने जाऊन बसेल. क्वांटम किल्लीचं यंत्र तिच्या फोनमधे कधी बसणार आहे?

आणि जे कधीच कुणी ठळक सांगत नाही ते सांगतो. क्वांटम किल्लीला समोरचा माणूस खरा कोण आहे हे ओळखता येत नाही. मधे बसून कुणी दोन्हीकडे वेगवेगळं नाटक केलं तर फोटॉन गप्प राहतो. ते ओळखायला आधीपासून एक गुप्त किल्ली दोघांकडे असावी लागते किंवा गणितातली सही (डिजिटल सही) लागते, म्हणजे फिजिक्सची गॅरंटी परत गणिताच्याच पायावर. शिवाय एवढ्या कमी वेगात किल्ली मिळत असल्यामुळे लोक तिचा वापर एईएस या नेहमीच्या कुलूपपद्धतीसाठी करतात, मेसेजएवढी लांब किल्ली एकदाच वापरून टाकायची ही शॅननने सिद्ध केलेली पक्की पद्धत परवडतच नाही. मग सुरक्षितता शेवटी एईएसची झाली ना? अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने याच कारणांनी आपल्या राष्ट्रीय सुरक्षेच्या यंत्रणांसाठी याची शिफारस केलेली नाही. ब्रिटनच्या एनसीएससी या सायबर सुरक्षा संस्थेचं मतही असंच आहे. २०२४ मधे फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडनच्या संस्थांनी मिळूनही आधी पोस्ट क्वांटमकडे वळा असंच सांगितलं.

वैनगंगा:
मूळसंख्या सर, तुमच्या गणितावरच्या श्रद्धेबद्दल आदर आहे, मी स्वतः तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, पण मी तुमच्याशी असहमत आहे आणि कारण देतो.

निस्टच्याच स्पर्धेत साईक नावाची एक पद्धत चौथ्या फेरीपर्यंत आली होती. जगातल्या उत्तम डोक्यांनी कित्येक वर्षं तपासलेली. २०२२ च्या जुलैमधे बेल्जियमच्या दोन गणितज्ञांनी ती मोडली, साध्या कॉम्प्युटरच्या एका कोअरवर, तासाभरात. क्वांटम कॉम्प्युटर लागलाच नाही. त्याच वर्षी रेनबो नावाची सहीची पद्धत एका वीकेंडला लॅपटॉपवर मोडली, ती तर अंतिम फेरीत होती. आज जी तीन स्टँडर्ड झाली ती मोडतील असं मी म्हणत नाही. मी म्हणतो मोडणार नाहीत हे कुणीच सिद्ध केलेलं नाही, आणि हे तुम्हालाही मान्य असेल.

ओळखीचा मुद्दा तुम्ही अर्धाच सांगितलात. ओळख पटवायची सही फक्त त्या क्षणापुरती टिकायला हवी. आज किल्ली बनवताना सही खरी होती, आणि वीस वर्षांनी ती सहीची पद्धत मोडली, तरी आज बनलेली किल्ली त्याला परत मिळत नाही, कारण फोटॉन गेले ते गेले, त्यांची रेकॉर्डिंग कुणाकडे नाही. गणितातल्या किल्लीचं तसं नाही. आज तारेवरून जे गेलं ते सगळं साठवून ठेवायचं आणि पद्धत मोडली की निवांत उघडायचं, हे करणारे देश आहेत. माझ्या नातीचे आजचे हॉस्पिटलचे कागद ती साठ वर्षांची होईपर्यंत झाकलेले राहायला हवेत असं मला वाटतं. सीमेवरच्या तळांचे नकाशे तर आणखी लांब.

मूळसंख्या:
साईकचं मान्य. म्हणून तर दोन पद्धती एकत्र वापरतात, जुनी आणि नवी, एक मोडली तर दुसरी उभी. क्षणापुरत्या सहीचा मुद्दाही बरोबर आहे, मी तो लिहायला हवा होता. पण तुमच्या नातीचे कागद क्वांटम लाइनवरून हॉस्पिटलच्या सर्व्हरपर्यंत आले आणि तिथल्या ऑपरेटरचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला असेल तर? चोरी होते ती टोकाला होते. तार फोडून नेणारे मी फार कमी बघितलेत.

मुठेकाठचा:
टोकाला चोरी होते याला मी साक्षीदार आहे, नाव घेत नाही, एका ठिकाणी नव्या फायरवॉलचं उद्घाटन झालं त्याच आठवड्यात आतल्याच माणसाने पेन ड्राइव्हवर डेटा नेला.

वैनगंगा दादा, तुमच्या साठवून ठेवायच्या भीतीवर माझ्याकडे साधा उपाय आहे. एक टीबीची डिस्क घ्या, तिच्यात रँडम बिट भरा, दोन प्रती करा, एक नागपूरला पाठवा, पेटीत, दोन जवानांबरोबर. सेकंदाला १००० बिट देणारी क्वांटम लाइन तेवढी किल्ली बनवायला अडीचशे वर्षं घेईल. नाहीतरी ट्रस्टेड नोडवर माणसावर विश्वास ठेवायचाच आहे, मग सरळ पेटी नेणाऱ्या माणसावरच ठेवा की.

फोटॉनवाली:
हा चांगला आक्षेप आहे आणि मी पण यावर बराच विचार केलाय. पेटीतली डिस्क रस्त्यात कुणी कॉपी करून परत ठेवली तर तुम्हाला कळणार नाही. अडीचशे वर्षांची किल्ली एका रात्रीत गेली, आणि तुम्ही ती वापरत राहणार. फोटॉनचं वैशिष्ट्य तेच आहे की हात लागला की डाग पडतो. आणि क्वांटम किल्ली दर मिनिटाला नवी होते, आज नोड फुटला तर आजच्यापुरतंच नुकसान, तुमची डिस्क फुटली तर सगळंच गेलं.

पण मी माझ्या बाजूचंही पूर्ण सांगते, नाहीतर मला बरं वाटणार नाही. हात लागला की कळतं हे आदर्श यंत्राबद्दल आहे. २०१० मधे नॉर्वेतल्या ट्रॉण्डहाइमच्या एका गटाने डिटेक्टरवर तीव्र प्रकाश टाकून तो आंधळा केला आणि मग हवं तेव्हा हवा तो आकडा वाजवायला लावला. बाजारात विकली जाणारी यंत्रं होती ती. २०११ मधे सिंगापूरला २९० मीटरच्या फायबर लिंकवर याच युक्तीने पूर्ण किल्ली चोरून दाखवली, आणि दोन्ही टोकांना काहीही कळलं नाही. फिजिक्स चुकलं नव्हतं, खोक्यातला डायोड कागदावरच्या डिटेक्टरसारखा वागला नव्हता. त्यावरून २०१२ मधे अशी पद्धत निघाली की डिटेक्टरच अविश्वासू धरायचा, आणि ट्विन फील्ड त्याच घराण्यातलं आहे. पण सोर्सवर अजून विश्वास ठेवावाच लागतो. म्हणून "कधीच हॅक होणार नाही" हे वाक्य मीसुद्धा म्हणत नाही, आमच्या लॅबमधलं कुणी म्हणत नाही.

ठाणेकर_८२:
एक शंका. वर्सोव्याला समुद्राखालच्या एवढ्या केबल येतात, परदेशी जाणारा डेटा तिथूनच. त्यावर हे लावता येईल का?

फोटॉनवाली:
नाही. त्या केबलमधे ठराविक अंतरावर ॲम्प्लिफायर बसवलेले असतात, समुद्राच्या तळाशी, आणि त्यातून एकटा फोटॉन आपली अवस्था राखून जाऊच शकत नाही. तिथे ट्रस्टेड खोलीही बांधता येत नाही. त्यासाठी उपग्रह, चीनच्या मिशिअसवरून २०१७ मधे बीजिंग आणि व्हिएन्ना यांच्यात किल्ली वापरून व्हिडिओ कॉल झाला होता. पण तिथेही उपग्रह स्वतःच ट्रस्टेड नोड होता, खोली आकाशात गेली एवढंच. खरं उत्तर म्हणजे क्वांटम रिपीटर, एन्टँगलमेंट, म्हणजे दोन कणांची एकमेकांत गुंतलेली क्वांटम अवस्था, तुकड्या-तुकड्याने जोडत नेणं, मधे क्वांटम मेमरी लावून. कल्पना १९९८ ची आहे. २०२३ मधे इन्सब्रुकच्या लोकांनी अडकवलेल्या आयनांचा एक रिपीटर नोड ५० किमी फायबरवर चालवला. तिथून हजार किमीपर्यंत जायला अजून बराच रस्ता आहे.

वैनगंगा:
मुठेकाठचा, एक दुरुस्ती. ६००३ कोटी हे सगळे कम्युनिकेशनचे नाहीत. आठ वर्षांचे आहेत, आणि त्यात चार हब आहेत, कॉम्प्युटिंग आयआयएस्सीकडे, कम्युनिकेशन आयआयटी मद्रास आणि सी-डॉट या सरकारी टेलिकॉम संशोधन संस्थेकडे, सेन्सिंग आयआयटी मुंबईकडे, मटेरियल आणि उपकरणं आयआयटी दिल्लीकडे. तुमचा पहिला प्रतिसाद वाचून असं वाटतं की सगळा पैसा नागपूरच्या तारेत घालतायत.

आणि तुम्ही सगळे फक्त किल्ली बघताय. एकेक फोटॉन मोजणारा डिटेक्टर आपण बाहेरून आणतो. उद्या कुणी विकायचा नाही म्हणलं तर? २०२२ मधे डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने प्रयागराज ते विंध्याचल, १०० किमीहून जास्त, आधी टाकलेल्या फायबरवर किल्ली पाठवली. त्यात किती पोरं तयार झाली असतील याचा हिशोब डीबीमधे होत नाही. भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजमधे एक ओटीडीआर मागवायला मला चार वर्षं लागली होती. ज्या देशाने तीस वर्षं चिप बनवायची संधी घालवली त्याने हेही दुसऱ्यांकडूनच घ्यावं का?

मुठेकाठचा:
हबची दुरुस्ती मान्य, मी ढोबळ लिहिलं, चूक माझी. आणि पोरं तयार होतात, डिटेक्टर इथे बनायला हवा, याला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. त्यासाठी पैसे मागा, मी पहिला हो म्हणेन. पण मग तसंच सांगून मागा. लॅबसाठी, माणसांसाठी, डिटेक्टरसाठी. "सुरक्षित नेटवर्क" म्हणून बँकेला विकू नका, कारण उद्या माझ्यासारखा एखादा मॅनेजर ते खोकं बसवेल, पोस्ट क्वांटमचं अपग्रेड पुढे ढकलेल आणि म्हणेल आता आपल्याला फिजिक्स सांभाळतंय. ती भीती मला चोरापेक्षा जास्त आहे.

माझं मत थोडं बदललंय ते पण लिहितो. सकाळपर्यंत मी शहराबाहेर नकोच म्हणत होतो. आता म्हणतो २५०-३०० किमीपर्यंत, मधली खोली अविश्वासू धरणाऱ्या पद्धतीने, डक्टमधल्या चांगल्या फायबरवर, आणि खाली पोस्ट क्वांटमचा थर कायम ठेवून, करून बघावं. मुंबई-पुणे तर सहज बसतं यात. जिनिव्हात २००७ च्या निवडणुकीत मतमोजणी केंद्र ते डेटा सेंटर अशी लाइन लावली होती, छोटं अंतर, ठरलेली दोन टोकं, महत्त्वाचा डेटा. तशा जागा आपल्याकडेही शोधता येतील.

मूळसंख्या:
खालचा थर कायम ठेवून, एवढं लिहिलंत तर माझी हरकत नाही. तरी एक लक्षात घ्या, चोर नुसता लाइनवर येऊन बसला, काही न चोरता, तरी चुका वाढतात आणि किल्ली बनणं थांबतं. म्हणजे नेटवर्क बंद पाडायला त्याला हुशार असायची गरज नाही. मुंबई-पुणे लाइन एका माणसाने घाटात फायबर वाकवून बंद पाडली तर पर्यायी मार्ग कुठला, हे डिझाइनमधे पहिल्या दिवशी पाहिजे.

जॉइंट_किट:
घाटात माणूस लागत नाही, दरड पुरते. सर बरोबर बोलतायत, दुसऱ्या मार्गाने रिंग पाहिजेच. पण आम्ही रिंग सांगतो तेव्हा दोन्ही फायबर एकाच डक्टमधून टाकलेले निघतात, एक खड्डा आणि दोन्ही खलास. हे मी स्वतः तीनदा बघितलंय.

फोटॉनवाली ताई, एक विचारू का, तुमच्या लॅबमधे केबल ड्रमवरचीच वापरता का?

फोटॉनवाली:
हो दादा, ५० किमीचे स्पूल, एसीच्या खोलीत, २२ डिग्रीला. खऱ्या फायबरचे आकडे आम्हाला मिळतच नाहीत. तुमच्या त्या ४८ किमीच्या स्ट्रेचचा ओटीडीआर ट्रेस असेल का, जुना असला तरी चालेल? जागेची नावं, कंपनीचं नाव काढून टाका. मला फक्त किलोमीटर आणि डीबी हवेत, म्हणजे सिम्युलेशनमधे ०.२ च्या जागी खरे जॉइंट घालून बघता येईल.

जॉइंट_किट:
ट्रेस कंपनीचा आहे, उद्या साहेबांना विचारून बघतो, नाव काढलं की हो म्हणतील. मे महिन्यातला एक आहे आणि जानेवारीतला एक, एकाच स्ट्रेचचे. त्यात ३१ व्या किलोमीटरला एक जॉइंट आहे तो उन्हाळ्यात वाढतो आणि थंडीत कमी होतो, पाच वर्षं मला कळलेलं नाही का ते. तुम्हाला कळलं तर सांगा.